दुसऱ्याच्या नावाची हजेरी

३ मार्च, मंगळवार. सकाळी ६
स्वप्नातल्या चौथीच्या वर्गाच्या हजेरीनं जाग आली. चाळीस गळ्यांतून एकामागून एक ‘हजर’. शेजारचा आला नसला की आवाज बदलून त्याचं ‘हजर’ मीच म्हणायचो. एकदाही सापडलो नाही.

तो गुण आता कामी येतोय. जिन्याखालच्या खोलीतला भूगोल (आपल्या देशात हा विषय शिकवायचा, इथे कामाचा परवाना नाही) माझ्या नावाच्या खात्यावर डिलिव्हरी करतो. मी काही घेत नाही. सकाळी तो मोबाईल माझ्या तोंडासमोर धरतो, चेहरा पटला की खातं उघडतं, आणि मी त्याला एक कविता ऐकवतो. कान तयार आहे त्याचा. त्याची बायको मात्र मान खाली घालून ऑफिसं झाडायला जाते. कधी बोलली नाही.

५ मार्च
नवा नियम. आता दर तीन तासांनी चेहरा. शिवाय तपासनीस रस्त्यावर परवाने बघणार. लेक म्हणाली, बाबा, बंद करा हे, तुम्हाला दंड होईल आणि त्याला उचलून परत पाठवतील. मी म्हटलं, चाळीस जणांत कुणी पकडलं नाही मला. म्हणाली, मास्तरांकडे कॅमेरा नव्हता.

मला नियम सोयीचाच. दिवसाला चार कविता.

७ मार्च. दुपारी
भूगोल धापा टाकत आला. काका, चष्मा काढा, डोळे मिचकावा. मी चांदण्यावरची सुरू केली. दुसऱ्या कडव्याला म्हणाला, काका, सूप थंड होतंय. उतरताना ‘वा’ म्हणाला. निदान तसं ऐकू आलं.

१० मार्च
निश्चय : खातं खरं करायचं. रोज एक ऑर्डर मी स्वतः पोचवणार. मग कोण काय बोलेल?

११ मार्च
पोचवली. दोनच गल्ल्या, पण वाटेत कवितेची एक ओळ सुचली, ती बाकावर बसून लिहून घेतली. गिऱ्हाइकानं एक स्टार दिला. एक तर एक. भूगोल म्हणाला, काका, उद्यापासून तुम्ही फक्त चेहरा द्या.

१३ मार्च
खरा उपाय सापडला. अर्ज. पस्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली ती काय उगाच? नियम करणारेही माणसंच. त्यांना कळवायचं की हा सज्जन आहे, शिक्षक आहे, परवाना द्यावा. शेवटी माझ्या दोन ओळी :
पोटासाठी फिरवी चाके, पाठीवरती पेटी;
कायदेबुवा, सवड काढुनी घ्याव्या त्याच्या भेटी.

तपशिलाशिवाय अर्जाला आवक क्रमांक पडत नाही. म्हणून सगळं लिहिलं. खातं कुणाचं, चालवतो कोण, दुपारी एक ते तीन सूपवाल्याच्या निळ्या शटरपाशी उभा असतो, सायकलचा रंग. अक्षर सुरेख आलं. भूगोलला सांगितलं नाही. परवाना हातात पडेल तेव्हा त्याचं तोंड बघायचंय.

१४ मार्च
पोस्टात टाकला. लेकीलाही बोललो नाही.

१९ मार्च. दुपारी ४
एकची हजेरी दिली. चारला कुणी आलं नाही. कविता काढून ठेवली होती. सायकल पंक्चर झाली असणार.

२० मार्च
लेक सूपवाल्याकडे जाऊन आली. काल दीडला दोघं तपासनीस आले. कुणाला काही विचारलं नाही, हातात कागद होता, सरळ निळ्या शटरपाशी गेले. गाडीत बसवून नेलं. सायकल तिथेच आहे. लेक विचारत होती, त्यांना एवढं नेमकं कसं कळलं? मी म्हटलं, कॅमेरे असतात हल्ली.

योगायोग असू शकतो. टपालाला आठवडा लागतोच.

२१ मार्च. पहाटे
झोप नाही. तिसऱ्या तारखेला खोटं लिहिलं. एकदा सापडलो होतो. मास्तरांनी विचारलं, कुणासाठी म्हणालास? मी लगेच नाव सांगितलं, तो कुठे खेळतोय तेही सांगितलं. छड्या त्यानं खाल्ल्या.

निश्चय : लेक उठली की तिला सगळं सांगायचं.

सकाळी ८
लेक उठली. चहा झाला. ती कामाला गेली. संध्याकाळी सांगेन.

सकाळी ९
दार वाजलं. तपासनीस समजून कोट घातला. भूगोलची बायको. डोक्यावर त्याचं हेल्मेट, पाठीवर त्याची पेटी, हातात मोबाईल. प्रथमच बोलली. म्हणाली, त्यांना सोडवायचंय, काम बंद ठेवून चालणार नाही. काका, चष्मा काढा.

काढला. डोळे मिचकावायला जमेना.

ती म्हणाली, आधी कविता म्हणायची असेल तर म्हणा. ते म्हणायचे, काकांना म्हणू द्यावी लागते, त्याशिवाय काम होत नाही.