इम्मानुएल कोणाच्या वाट्याला

देवळी,
३० डिसेंबर २०२४

चि. सौ. मोहिनी हिला छायाताईचा प्रभूमध्ये सलाम.

इकडे सर्व ठीक. सासूबाईंचा खोकला उतरला. तुझ्या वाट्याच्या करंज्या तुझ्याकडे निघालेल्या कैलासभाऊजींच्या हाती पाठवते, सोबत हे पत्र. पान आमच्या सुरभीच्या शाळेच्या जुन्या वहीतलं आहे, कोरं होतं म्हणून वापरलं. माहेरी तळेगावला तुला जरा आराम मिळत असेल. फोन केला असता, पण तू लगेच "जाऊ द्या ना ताई" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच राहते.

नाताळाआधीच्या रविवारी चर्चमध्ये तू फार चांगलं बोललीस. हे मी तुला त्या दिवशी म्हटलं नाही. बाकी सगळ्यांनी म्हटलं.

दर नाताळाला महिला मंडळात प्रभूच्या नावांच्या चिठ्ठ्या आठ वर्षांपासून मीच लिहिते, डबा मीच फिरवते, नोंदही मीच ठेवते. कोणाला जगाचा प्रकाश, कोणाला उत्तम मेंढपाळ. जिला जे नाव येईल तिनं त्याचा अर्थ चर्चमध्ये सगळ्या मंडळीला सांगायचा आणि वर्षभर त्याच नावानं प्रभूला हाक मारायची. चिठ्ठी देवच देतो, असा सगळ्यांचा भरवसा.

चिठ्ठ्यांच्या आदल्या दिवशी तू भाजी निवडताना म्हणालीस, "ताई, मले औंदा इम्मानुएल आलं तर बरं होईल. आमच्याबरोबर देव. खोली लय खाली-खाली वाटते." तुझं बाळ ऑगस्टमध्ये गेलं, तेव्हापासून तू काही मागितलं ते हे पहिलंच.

मी ती चिठ्ठी डब्यात टाकलीच नाही. स्वतःसाठी ठेवली.

आणि तू नेहमी सगळ्यांना आधी काढू देतेस, शेवटी हात घालतेस, हे मला ठाऊक होतं. म्हणून एक चिठ्ठी मुठीत धरली आणि तुझ्यापाशी आल्यावर रिकाम्या डब्यात सोडली. क्लेशांचा पुरुष. हे नाव आपण शुभ शुक्रवारी, क्रुसाच्या दिवशी, घेतो, नाताळात कधीच नाही. तू ते वाचलंस आणि कपाळाला लावलंस.

रविवारी मंडळीपुढे तू उभी राहून एवढंच म्हणालीस, "बाकीची नावं मोठी आहेत, मले त्यांच्याजवळ जायले भीती वाटे. या नावाच्या माणसाजवळ मी बसू शकते. तोही रडून राह्यला, मीही." सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. तुझ्यानंतर मी इम्मानुएलवर दोन पानं वाचली. मागून चंद्रभानच्या आईनं विचारलं, "अजून किती आहे वं?"

बावीस वर्षं मी या घरात आहे. जेवणाआधी सासूबाई म्हणतात, "मोहिनी, तू प्रार्थना कर." लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. तुझं बाळ गेलं तेव्हा सगळी मंडळी तुझ्या दाराशी आली, मला त्याचाही हेवा वाटला. मी काटा दिला, तोही तुझ्या हाती शोभला. त्याचा हेवा तर जास्तच वाटला.

मी गप्प राहिली असती. पण जाताना बसस्टँडवर तू माझा हात धरून म्हणालीस, "ताई, देवानं नेमकं माझंच नाव मले देलं." मोहिनी, देवानं नाही, मी दिलं. आणि चांगल्या मनानं दिलं नाही. हे वाचून तुझा आधार जाईल, ही भीती आहे. पण खोट्यावर तुला वर्षभर प्रार्थना करू देणं मला जमत नाही. ते नाव ठेवायचं की टाकायचं, ते तू ठरव. मला विचारू नको.

पाच तारखेच्या रविवारी मी मंडळीपुढे उभी राहून हे सगळं सांगणार आहे. सासूबाई समोरच असतील. यायचं असलं तर येजो, पण पुढच्या बाकावर नको बसजो. माझं ऐकून तू रडशील, सगळे तुझ्याकडे पाहतील, आणि माझ्या मनात पुन्हा तेच येईल.

आशीर्वाद द्यायला न धजणारी,
तुझी मोठी जाऊ,
छाया