केसर, तुह्यावर मी दोन बहार घेतले

प्रिय केसर,

आज बागेचं पाणी तोडलं. हिवाळ्यातल्या आंबिया बहाराच्या आधी संत्र्याले असा ताण देतो, झाडाले जरा आराम भेटते. शेजारचा म्हणे, यंदा मृगाचा बहारही घ्या, झाडं दणकट आहेत. मी त्याच्यावर भडकलोच. म्हटलं, एका झाडावर दोन्ही बहार घेतले तर झाड खलास होते, एवढं कळत नाही काय? अन् बोलता बोलता तू आठवली. मंग घरी येऊन हे लिहायले बसलो. सापाले पत्र लिहून राहिला म्हणून लोक हसतील. हसू दे.

तू काही रानातली नव्हती. नागपूरच्या एका पाळणाऱ्याच्या घरी अंड्यातून निघालेली, संत्र्याच्या सालीच्या रंगाची, बिनविषारी कॉर्न स्नेक. तुले आणलं त्या दिवशी माह्या बायकोनं, शोभानं, स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं होतं. मंग तिनंच तुहं नाव ठेवलं. ती भाकरी थापे अन् तू पेटीच्या काचेले तोंड लावून पडून राहे. ती म्हणे, "इले माही सोबत पाहिजे."

ओल्या शेवाळाच्या डब्यात तू पहिली अंडी घातली, पांढरी, एकमेकांले चिकटलेली. मी फोनवर फोटो टाकले. काय वाहवा झाली! कष्ट तुहे होते, शाबासकी मी घेतली. अन् तिची चटक लागली मले, खोटं कशाले सांगू?

तुही पाठ बसली होती. हात फिरवला की कणा बोटाले लागे. शोभा म्हणाली, "बाळंतीण आहे ती. बंड्याले तिच्याजवळ सोडू नका."

बंड्या म्हणजे तुहा नर. मी तुले उंदीर चारले, अंग जरा भरल्यासारखं वाटलं, अन् शोभाले म्हटलं, "दिसते तर चांगली." त्याच हंगामात बंड्याले पुन्हा तुह्या पेटीत सोडलं. तुले सोसते का, हे मी कोणाले विचारलं होतं? त्या पाळणाऱ्याले एक फोन केला असता तरी भागलं असतं.

दुसऱ्या खेपेची अंडी पिवळी निघाली, वाळक्या खारकेसारखी. मंग अंडी येणंच थांबलं. तू डब्यात शिरे, बाहेर येई, पुन्हा शिरे. खाणं टाकलं. माह्या बागेत संत्र्याचा तोडा सुरू होता, माल भरायचा होता. मी म्हणत राहिलो, उद्या नेऊ. जामसांवलीच्या मारुतीले जाऊन नारळ फोडून आलो, केसर, पण तुले घेऊन नागपूरले डॉक्टरकडे गेलो नाही. देवाजवळ जायले वेळ होता मले.

गेलो तेव्हा डॉक्टरनं पोटावर हात ठेवला अन् माह्याकडे पाहिलं. "उशीर केला," एवढंच बोलला. अंडी आतच अडकली होती. परतताना पेटी मांडीवर होती अन् मी उगाच तिचं झाकण धरून बसलो होतो.

शोभा रडली नाही. तुले बागेत पुरताना म्हणाली, "दुसऱ्या बाळंतपणानंतर मलेही असंच म्हटलं होतं तुम्ही. दिसते तर चांगली. मी कच्च्या अंगानं तोड्यावर गेली होती तेव्हा." मी माती लोटत राहिलो. तिची माफी अजून मागितली नाही, तुही मागून राहिलो. तुह्याकडून उत्तर येत नाही म्हणून सोपं जाते असंन.

तुह्या पहिल्या अंड्यांतली एक पोरगी ठेवली आहे, तुह्याच रंगाची. आता भरली आहे. बंड्याले बोरगावच्या मित्राकडे देऊन टाकलं. पोरगीले नराजवळ सोडायचं की नाही, हे शोभा ठरवंन, मी नाही. अन् तिनं खाणं टाकलं, तर तोडा अर्ध्यावर सोडीन, माल झाडावर सडू दे, त्याच दिवशी तिले घेऊन निघीन.

हे पत्र आज शोभाले वाचून दाखवीन. तुही अन् तिची, दोघींचीही माफी आहे यात म्हणून.

तुले सांभाळतो म्हणणारा,
सुधाकर