यंदाचा चुना

१८ मार्च
...आणि हे उलट्या बादलीवर बसून चुना ढवळत होते. मी अंगण झाडलं, चार भाकरी थापल्या, मग जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन गाळायला धरायला गेले. वाफेनं दोघांच्या डोळ्यांत पाणी. नीळ टाकली, कुंच्यानं हौदाच्या कडेला एक रेघ ओढली अन् म्हणाले, "चहा टाक. वाळल्याशिवाय कळत न्हाय. ओला रंग खोटं बोलतो." चहा पिऊन होईस्तोवर रेघ फिकी झाली. अजून चिमूटभर नीळ.
गेल्या वर्षीची सकाळ. एवढीच.
जयंतीला चार आठवडे राहिले. चुना आणला नाही अजून.

२१ मार्च
मिलिंदचा रत्नागिरीहून फोन. "आई, इथं समुद्राकाठी दोन वर्षांत भिंत काळी पडते, तरी मी तीन वर्षं काढतो. तू तिथं कोरड्या हवेत दरवर्षी कशाला रंगवतेस?"
म्हटलं, चौदा एप्रिल दरवर्षी येते म्हणून.
हसला. म्हणाला, एकदाच चांगला रंग देऊ, सात वर्षं बघायला नको.
सात वर्षं.
त्याचं चुकत नाही. हे गेल्यावर मी पावसाळाभर तिकडं होते, तेव्हा पाहिलं. खिडकीचे गज गंजलेले, काडेपेटी सादळलेली, भिंतीला फोड. बोट लावलं की पापुद्रा हातात. सूनबाई म्हणायची, सगळं या खाऱ्या हवेनं होतं. तिथं भिंत सांगते कधी रंगवायचं. इथं तारीख सांगते.

२७ मार्च
कळंबच्या दुकानातून टेम्पोनं दोन बादल्या आल्या. मिलिंदनं फोनवर सांगून पाठवल्या. त्याच्या घराला आहे तोच रंग. शाळेतल्या रद्दीवर वाचायला शिकलेली मी, बादलीही सोडली नाही. सगळं वाचलं. खाऱ्या वाऱ्यापासून संरक्षण, किनारपट्टीसाठी खास.
कमलला वाचून दाखवलं. धाकटी जाऊ, पण जीभ मोठी. म्हणाली, "अक्का, येडशीला समुद्र येणार हाय का व्हय? गाडीनं येतोय का चालत?"
बऱ्याच दिवसांनी हसले. ती गेल्यावर घर पुन्हा तसंच.

२ एप्रिल
रफिकभाई रंगारी येऊन गेले. भिंतीवर नख ओढून बघितलं. "भाभी, हा चुना हाय, थरावर थर. यावर हा प्लास्टिकचा रंग धरत न्हाय. वर्षात पापडासारखं सुटंल. आधी समदं खरवडावं लागंल, पार गिलाव्यापर्यंत."
मिलिंदला सांगितलं. म्हणाला, मग खरवडू दे.
मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

३ एप्रिल
सकाळी आत भाकरी करत होते. खर्र खर्र आवाज. बाहेर आले तर दर्शनी भिंतीला खिडकीखाली परातीएवढा भाग उघडा, अन् खाली खपल्या. वरची खपली निळी. म्हणजे गेल्या वर्षीची. यांचा शेवटचा हात.
म्हटलं, रफिकभाई, थांबा.
"काय झालं भाभी?"
काही नाही. चहा घ्या.
त्यांनी वर बघितलं. पत्र्याखाली हातभर पट्टा नीळ उडून पांढराच आहे. गेल्या वर्षी यांना दम लागायचा, शिडीच्या चौथ्या पायरीवरून उतरले. "तेवढं पुढच्या वर्षी," म्हणाले. जूनमध्ये गेले.
रफिकभाईंनी चहा घेतला. शिडी इथंच ठेवून गेले. "लागली तर असू द्या."

५ एप्रिल
खरवडणं थांबवलं म्हटल्यावर मिलिंद चिडला. "मग त्या बादल्यांचं काय करू? आई, तू एकटीनं भिंती राखत बसणार का? कुलूप लाव, इकडं ये."
कुलूप लावलेल्या घराला चुना कोण देतं? बघू म्हटलं.

८ एप्रिल
चुना आणला, भिजवला. पहिल्यांदा एकटीनं. गाळायला धरायला कोणी नाही, लुगडं खुर्चीला बांधलं. फक्त खिडकीखालच्या उघड्या भागाला दिला. रंग बरा जमला.

१० एप्रिल
कमल खिडकीखाली भिंतीला टेकून शेंगा सोलत बसली अन् उठली तर पदर पाठीमागं निळा-पांढरा. "अक्का, मीठ टाकलं न्हाय व्हय?"
नाही टाकलं.
"भाऊजी मूठभर टाकायचे की. त्याबिगर चुना धरतो का? एवढी पुस्तकं वाचता अन्..."
ठाऊक होतं मला. चाळीस वर्षं ती मूठ मीच डब्यातून काढून दिली. पण चार महिने तिकडं मिठानं सोललेल्या भिंती बघितल्या, हात डब्याकडं गेलाच नाही. तिकडं मिठानं सुटतो, इकडं मिठानं धरतो. यांना सांगितलं असतं तर दिवसभर हसले असते.

१२ एप्रिल
विहाराच्या दारात निळे झेंडे लागले. गल्लीतली सगळी घरं झाली. आपली समोरची भिंत तेवढी ठिगळासारखी. कमल म्हणते, "समद्या भिंतीला एक हात फिरवा, एकसारखी दिसंल."
एकसारखी दिसेल. यांचा हात खाली जाईल.
नाही फिरवला तर लोक म्हणतील, माणूस गेलं अन् घर पडलं. मिलिंदपण तेच म्हणेल.
संध्याकाळी बराच वेळ समोर बसून बघितलं. उरलेला चुना भिजतोय.

१३ एप्रिल
चुन्यात मूठभर मीठ टाकलं, नीळ टाकली. हौदाच्या कडेला रेघ ओढली अन् चहा टाकला. रेघ वाळल्यावर अजून चिमूटभर. कमलनं शिडी धरली. चौथ्या पायरीच्या वर गेले, पत्र्याखालचा पांढरा पट्टा रंगवला. खाली उतरून खिडकीखालचा भाग पुन्हा दिला. मधे यांचा हात, तिथं कुंचा लावला नाही. मिलिंदच्या बादल्या झाकणं घट्ट करून पलंगाखाली सरकवल्या. हात धुतले.