पूजेला बसलेला चिमटा

२९ सप्टेंबर, बारामती
इंदापूरहून एसटीनं सुखरूप पोचलो. नात स्वराली सोबतीला. खोली ऐसपैस, खिडकीतून चौथीच्या वर्गात यायचा तसला कोवळा उजेड. गळ्यातली थायरॉइडची गाठ काढायची आहे. डॉक्टर दिग्विजय माझाच विद्यार्थी. म्हणाला, सर, आवाजाची नस तिथंच असते, दोऱ्याएवढी. शंभरात एखाद्याचा आवाज जातो. मी विचारलं, गेलेला आवाज जातो कुठं? हसला. संध्याकाळी वॉर्डाला चालीवर कविता म्हणून दाखवल्या. कोजागिरीला जुनी पोरं जमणार आहेत. त्यांना त्या माझ्याच तोंडून हव्यात.

३० सप्टेंबर
आजही नाही. रक्तवाहिन्या बंद करणारं नवं यंत्र बिघडलंय म्हणे. गेल्या महिन्यात साखर वाढली म्हणून पुढं ढकललं, नंतरच्या तारखेला भूल देणारे आले नाहीत म्हणून. जन्मभर घंटेवर तास घेतले मी. जुनी हत्यारं आहेत ना, मग तीच घे, असं दिग्विजयला सुनावलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी ऑपरेशनचे चिमटे, कात्र्या पाटावर. हळदकुंकू, झेंडू. नर्स सारजाबाई म्हणाल्या, "पूजेला बसल्याली हत्यारं आज उचलत न्हाईत, आबा. उद्या सोनं लुटलं की बगू. एक दिस दम धरा की." मी म्हणालो, बाई, शाळेत मी भोळेपणा शिकवला नाही. दिग्विजयही कचरत होता, पण सरांचा शब्द त्याला मोडवेना. चिमटे पाटावरून उचलले, धुतले, वाफवायला नेले. बोलावणं आलंय.

२ ऑक्टोबर
आवाज नाही. तोंडातून नुसती हवा. दिग्विजय म्हणतो, सूज असेल, धीर धरा. धीरच तर धरवत नाही मला. स्वरालीनं हातावर आपट्याचं पान ठेवलं; तिचं नावसुद्धा घेता आलं नाही.

४ ऑक्टोबर
ऑपरेशनच्या खोलीत कुणी कविता म्हणतंय. चाल माझी. कडवं संपताना मी घेतो तो श्वाससुद्धा. सारजाबाईंना लिहून विचारलं. त्यांनी कागद वाचला, दाराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मला बी आयकू येतंय. खोलीला तर कुलूप हाय."

५ ऑक्टोबर
मलमपट्टीच्या ताटात एक चिमटा होता. कुणी हात न लावता उघडला — मिटला. टोकात झेंडूची पाकळी, एवढं वाफवूनही ताजी. मी ओरडलो. ओरडणं त्याच्यातून आलं.

६ ऑक्टोबर
कोजागिरी. स्वराली पाणी आणायला गेली — व्हरांड्यात माझा आवाज तिला हाक मारतोय — लाडानं, मी मारतो तशी. "आले, आबा," म्हणाली. पावलं तिकडं — कुलूप निघालं — मी खाटेवर पेला आपटला, कुणी येत नाही — पाय उचलत नाहीत —
"म्हण बघू माझ्या मागून" — वर्गात मी म्हणायचो तसंच —
म्हणतेय ती. दोन आवाज — तिचा बारीक होत चाललाय — स्वराली, म्हणू नको, तो मी न