सारवलेलं वादळ

खुशबूच्या आजोबाले चंद्रपुराहून जयभीम.

चष्मा शोधू नका, तुमच्या कपाळावरच असंल. बकऱ्या बांधल्या का, तेही एकदा उठून पाहा.

मी बरी आहो. आपल्या खुशबूच्या डाव्या हाताले विळा लागला, टाके पडले. उजवा शाबूत आहे, माह्या सांगण्यावरून ती त्यानंच रागारागानं हे लिहून राह्यली.

प्रदर्शनासाठी तिनं मोठ्ठं चित्र केलं. त्यात झाड नाई, माणूस नाई. नुसती आपल्या गावची लाल माती, कोळशाची भुकटी अन् चिकटवलेलं फाटकं गोणपाट. वाळून त्याले भेगा पडल्या. मले वाटलं, बिघडलं. ती बाहेर गेल्यावर मी शेणमातीनं सारवून गुळगुळीत करून ठेवलं.

आल्याबरोबर पोरगी किंचाळली, "आजी, हे मागच्या वर्षीचं वादळ होतं! आई भिंतीखाली मेली, तेव्हाही तू लगेच नवी भिंत सारवून मोकळी झाली!" अन् गोणपाट कापायचा विळा उचलून ओल्या चित्रावर सपासप वार करत सुटली. चिखल उडाला, गोणपाट फाटलं, खालची लाल माती वर आली, तिचं रक्त त्यात मिसळलं.

तिचा हात थकला, तेव्हा विळा मी घेतला. दोन घाव मीही घातले. मंग दोघी रडलो. हे ती लिहीत नव्हती, मीच लिही म्हटलं.

चित्र तसंच जाणार आहे. तुमी वेळेवर जेवता का?

तुमची रुखमा. अंगठ्याले त्याच चित्राची माती आहे, शाई नाई.

सूनबाईनं वादळाच्या आधी घातलेलं आंब्याचं लोणचं मी कोणाले उघडू देत नाई ना? ती बरणी एसटीनं पाठवा. आता खाऊ.