पान एकतीसवरची म्हातारी

प्रिय लीला,

मंगळवार, २२ जून १९३७, दुपारी सव्वाचार. (वरचं ‘प्रिय’ सवयीने लिहून गेले, आता खोडत नाही.) लोणावळ्याच्या टपालातून मुलींच्या शाळांसाठी लिहिलेलं तुझं धर्मांवरचं पुस्तक आलं होतं. आणि मी, पेन्शनीत निघालेली मास्तरीण, औंढ्याच्या आमच्या ओट्यावर बसून ते आईला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवत होते. पान एकतीसवर ‘पेगन’ आला. ज्यांना ग्रंथ नाही, प्रेषित नाही, मोक्षाची कल्पना नाही, जे भीतीपोटी दगड पुजतात ते. हिंदू त्यांत मोडत नाहीत. पेगनचं उदाहरण म्हणून मावळातली एक म्हातारी, जी शेंदूर फासलेल्या दगडाला मुलीच्या परीक्षेचे मार्क सांगते. मी तिथेच वाचायची थांबले. मार्कांचं तुला मीच सांगितलं होतं, विश्वासाने.

कॉन्व्हेंटात सिस्टरने हाच शब्द लावून आपल्या दोघींना बाकावर उभं केलं होतं. तू कानात म्हणालीस, ‘मुक्ते, इथून खिडकीबाहेरचं छान दिसतं गं.’ आता तू तेवढी खाली उतरलीस आणि माझ्या आईला वर चढवलंस.

तुझ्या पुस्तकातले देव सगळीकडे असतात आणि माणसाने काय मानावं ते सांगतात. आईचा देव आमच्या बांधावर असतो, तेवढाच. पलीकडे दुसऱ्याचा. काय मानतोस, असं तो कुणाला विचारत नाही, म्हणून कुणाला बाहेरही काढत नाही. आणि भीती? पाऊस लांबला की आई त्याला तोंडावर शिव्या देते. तुझे यजमान विषमज्वराने पडले होते तेव्हा तूही अर्धा दिवस त्याच्यापुढे बसली होतीस. ते बरे झाल्यावर दहीभात घेऊन आलीस. ते पान एकतीसवर नाही.

हेही गिळलं असतं. पण आईने विचारलं, ‘थांबलीस का? पेगन म्हंजी काय गं?’ लॅटिनमध्ये मुळात गावाकडचा माणूस, एवढंच मी सांगितलं. ती हसली. ‘मंग खरंच लिवलंय की लीलीनं. आपली आटवण ठेवली पोरीनं.’ रविवारी, ४ जुलैला, लावणीआधीचा दहीभात घेऊन ती बांधावर जाणार आणि ही बातमी त्याला सांगणार. त्याच्याशी ती आजवर खोटं बोललेली नाही. तिला आता खोटं पाडायचं का, ते तू ठरव. पुढच्या छपाईत ती म्हातारी काढून ‘पेगन म्हणजे गावकरी’ एवढंच छापशील, असं सहीनिशी लिहून पाठव. शनिवारी, ३ जुलैच्या संध्याकाळच्या टपालाच्या आत.

बाकावर अजून उभी,
तुझीच
मुक्ता