बाईंचे सिट-अप्स

बाई, आपट्याहून एसटीनं पनवेलच्या शाळेत यायची ती नववीतली मुलगी मी. पीटीच्या तासाला तुम्ही आम्हाला सतरंजीवर आडवं करायचात आणि गुडघे मोडून सिट-अप्स काढायला लावायचात. पाय जोडीदारणीनं धरायचे. एकदा मी मैत्रिणीचे पाय धरले होते. तिचे अठ्ठावीसच झाले, मी चाळीस सांगितले. तुम्ही मागेच उभ्या होतात. ओरडला नाहीत. मलाच आडवं केलंत आणि माझ्या पोटावर तळहात ठेवलात. "मान ओढू नकोस. श्वास सोड आणि पोटानं ऊठ. आकडा मला नकोय." मी म्हटलं, "आमी पोटानंच उठतो, बाई." मुली माझ्या बोलण्याला हसल्या, तुम्ही हसला नाहीत. मी उठले तेव्हा तुमच्या हाताखाली पोट घट्ट आवळलं. भूक लागण्याखेरीज पोटाला आणखी काही काम असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता मी पनवेलातच फिजिओथेरपिस्ट आहे. सिट-अप काढताना खांदे जमिनीवरून सुटेपर्यंत पोटाचा पुढचा सरळ स्नायू काम करतो. त्यापुढे मांडीच्या मुळाशी असलेले स्नायू अंग वर ओढतात, आणि पाय धरले की तेच जास्त ओढतात, कंबरेवर ताण येतो. सगळ्यात आतला स्नायू पट्ट्यासारखा कंबरेभोवती असतो, तो श्वास सोडताना आवळला जातो. म्हणजे श्वासाचं तुमचं बरोबर होतं. पाय धरायला मात्र मी कुणाला सांगत नाही. यावर तुमच्याशी एकदा वाद घालायचा होता.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुमच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. मी तुमच्या घरी भेटायला येते. तुम्ही पलंगावर आहात, माझ्यासाठी उठायला बघता आणि उठता येत नाही. दोनदा बघता. मग भिंतीकडे तोंड करता. मी तुम्हाला कुशीवर वळवते, पाय पलंगावरून खाली सोडायला सांगते, कोपरावर जोर द्या म्हणते. तुम्ही बसता. माझा हात बराच वेळ सोडत नाही. "उद्या ये," तुम्ही म्हणता. "स्वयंपाकघरापर्यंत चालायचंय मला."

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या सुनेला फोन करून परीक्षा असल्याचं सांगितलं. महिन्याभरात तुम्ही गेलात.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? पत्ता असता तरी टाकलं नसतं. परीक्षा नव्हती, बाई. तुम्हाला तसं बघायला मला पुन्हा यायचं नव्हतं.